मार्टिनची इर्जिक

मुकादमभाईंचा फोन आला तेव्हा मी दुबईतल्या रास अल खोरच्या आमच्या गाळ्यात एक व्हॅक्यूम पंप उघडून बसलो होतो. दूध काढायच्या यंत्रांचे सुटे भाग विकायचे आणि बिघडलेली यंत्रं दुरुस्त करून द्यायची, हे आता माझं काम. मुकादमभाई अल ऐनच्या रस्त्यावरच्या एका डेअरी फार्मवर टँकर चालवतात. त्याच फार्मच्या प्रयोगशाळेत मी नव्वदच्या दशकातली बहुतेक सगळी वर्षं काढली. मूळचे ते रायगडातल्या म्हसळ्याचे. फोन केला की आधी सलाम, मग पोराबाळांची चौकशी, मग दोन्हीकडच्या उन्हाची तुलना आणि मग मुद्दा, अशी त्यांची रीत. त्या दिवशी त्यांनी सलामही केला नाही. "शिंदेसाहेब, मार्टिन वारला. वासरांच्या शेडमध्ये पडला तो उठलाच नाय." मला उभ्या आयुष्यात एकच मार्टिन माहीत आहे. तरी मी विचारलं, "कुठला मार्टिन?" मुकादमभाई म्हणाले, "आपला." मी हातातला पाना खाली ठेवला, पंपाचं झाकण बसवलं, सगळे स्क्रू नीट आवळले. तो पंप दुरुस्त झालेलाच नव्हता हे दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकानं परत आणल्यावर माझ्या लक्षात आलं.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. असे मृत्युलेख मीही रविवारच्या पुरवणीत वाचत आलोय. लिहिणाऱ्याला गेलेला माणूस पुरता कळलेला असतो. माझं तसं नाही. मार्टिन होता तोवर तो मला कळलाय असं मी समजत होतो. तो गेल्यापासून एकेक गोष्ट अशी समोर येते आहे की काल जे पटलं होतं ते आज पटत नाही. तेव्हा सरळ रेषेत काही सांगता येईल याची मी हमी देत नाही.

मार्टिन आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातला. घरची थोडी जमीन, थोड्या गाई, पाऊस भरपूर. तरुणपणीच बाहेर पडला आणि देशोदेशीचे गोठे सांभाळत इथं वाळवंटात येऊन थांबला. मी आलो तेव्हा तो फार्मचा हर्ड मॅनेजर होता, म्हणजे गोठ्याचा सर्वेसर्वा. उंच, थोडा पोक काढलेला, उन्हानं मानेचा रंग विटेसारखा झालेला. मी माढा तालुक्यातल्या खेड्यातून आलेलो, डेअरीची डिग्री घेतलेली, आणि इंग्रजी असं की परीक्षेत लिहायला सांगा, पानंच्या पानं लिहीन. बोलायला सांगितलं की घाम फुटायचा. बोलायचं इंग्रजी मला मार्टिननं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तो बोलायचा आणि मी उचलायचो. कुणी थोबाड फुगवून बसला की तो म्हणायचा, "त्याचा पुस बघ." कुणी साहेबापुढं गोड गोड बोलू लागला की त्याला 'प्लॉमॉस' म्हणायचा. मूर्ख माणूस म्हणजे 'अमादॉन'. शेडपासून वासरांकडं जाणारी वाळूतली अरुंद वाट, तिला त्यानं नाव ठेवलं होतं 'बोरीन'. कामगारांना रोजचं दूध मापून दिलं जायचं, शेवटचं माप ओतून झालं की तो वरून आणखी एक धार सोडायचा आणि म्हणायचा, "अँड द टिली." आमच्याकडं गवळी माप घातल्यावर वर थोडं घालतो आणि ते घातल्याशिवाय आई पातेलं मागं घेत नसे, त्यातलाच हा प्रकार.

मला ते सगळं इंग्रजीच वाटत होतं. न वाटायला काय झालं? बोलणारा गोरा, बाकीचं वाक्य इंग्रजी. मीच नव्हे, सगळा फार्म तसं बोलायला लागला. गुलाबखान नावाचा पठाण दूध काढणाऱ्यांचा म्होरक्या होता, पेशावरकडचा, दाढीवाला, आडदांड. एखादी गाय आडवी आली की तो तिच्यावर ओरडायचा, "अमादॉन की बच्ची, यल्ला!" मलबारी पोरं बोरीनवरून वासरांना खाणं न्यायची. मी तर अल ऐनच्या बँकेत जाऊन काउंटरवरच्या बाईला ऐटीत सांगितलं होतं की मला तुमचा प्लॉमॉस नको, माझा ड्राफ्ट द्या. ती बाई माझ्याकडं अशी बघत राहिली की मला वाटलं, आपण फारच अस्खलित बोललो. एकदा लंडनहून तपासणीला एक साहेब आला होता. मार्टिननं त्याला शेड दाखवताना बरंच काही सांगितलं, त्यात बोरीन होतं, दाराची बिजागरी बॉकेटी, म्हणजे खिळखिळी, झाल्याचं होतं, आणखी काय काय होतं. साहेबानं ऐकून घेतलं आणि हळूच माझ्याकडं वळून विचारलं, "व्हॉट डिड ही से?" माढा तालुक्यातल्या माणसानं मग इंग्रजाला इंग्रजीचं भाषांतर करून सांगितलं. घरी जाऊन सुनंदाला, माझ्या बायकोला, ते सांगितलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. ती पुण्याची, माझं 'वाईच' आणि 'लई' ऐकून लग्नापासून तिची करमणूक होत आलेली आहे.

शुक्रवारी मार्टिन आमच्याकडं जेवायला यायचा. भाकरी, शेंगादाण्याची चटणी, वरण, जे असेल ते. भाकरी तो दोन्ही हातांनी धरून कडेपासून खायचा. आमची केतकी तेव्हा चौथी-पाचवीत असेल. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा घरचा रिवाज तेव्हा पक्का झाला होता आणि अजून मोडलेला नाही. एका शुक्रवारी ती जाडजूड डिक्शनरी घेऊन टेबलाशी आली. "अंकल, प्लॉमॉस इज नॉट इन हिअर." मार्टिन हसला. म्हणाला, स्पेलिंग चुकलं असेल, दुसरा बघ. तिनं दुसरा बघितला. पुस नाही. अमादॉन नाही. तिनं तिच्या परीनं सगळी स्पेलिंगं करून पाहिली. मार्टिनला स्वतःलाही ते शब्द लिहिता येईनात. त्यानं ते कधी लिहिलेच नव्हते. बोरीन तेवढा सापडला, आणि त्यापुढं बारीक अक्षरात होतं की हा आयरिश भाषेतून आलेला. केतकीनं ते मोठ्यानं वाचलं. मार्टिनचा घास हातातच राहिला.

मग त्यानं सांगितलं, तेही तुटक तुटक. त्याची आजी आयरिश बोलायची, एकटीच, चुलीपाशी बसून. वडलांना ते आवडायचं नाही. ती भाषा गरिबीची, ती बोलून पोरं बाहेरदेशी टिकणार नाहीत असं त्यांचं म्हणणं. शाळेत मास्तरांनी मारून मारून शिकवली, म्हणून शाळा सुटली तशी त्यानं ती सोडून दिली. "आय हॅवंट अ वर्ड ऑफ आयरिश, शिंदे," हे तो मला आधीही अनेकदा म्हणाला होता, आणि त्यात खंत वगैरे काही नसायची. एखाद्याला पोहता येत नाही तसं ते सांगायचा. आता तो केतकीच्या बोटाखालच्या त्या ओळीकडं बघत होता. "मग मी इतकी वर्षं बोलत काय होतो?" हे तो आम्हाला विचारत नव्हता. त्याला आनंद झाला होता का वाईट वाटलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. चहा न घेता तो उठून गेला. सुनंदा केतकीवर चिडली, मी सुनंदावर चिडलो, आणि केतकीनं विचारलं, "व्हॉट डिड आय डू?"

त्यानंतर काही आठवडे मार्टिनचं बोलणं अडखळू लागलं. वाक्याच्या मध्येच थांबायचा, स्वतःच्याच तोंडावर संशय घेतल्यासारखा. मला विचारायचा, "शिंदे, हा शब्द इंग्रजी आहे ना?" मला! मी म्हणायचो, मला काय माहीत, तुझ्याकडूनच शिकलो. मग हळूहळू ते सुटलं आणि तो पुन्हा पूर्वीसारखा बोलू लागला. पण एक फरक पडला. तो आता आमच्यात कुणी त्याचा शब्द बोललं की कान टवकारायचा. गुलाबखान लांब शेडमध्ये गाईला शिव्या घालत असला की मार्टिन काम थांबवून ऐकत उभा राहिलेला मी पाहिलाय. एकदा मला म्हणाला, "हा माणूस माझ्या आजीसारखा ओरडतो." गुलाबखानला मी हे कधी सांगितलं नाही.

मग तो ऑगस्ट. फार्मची वीज गेली आणि जनरेटरही बंद पडला. इथल्या ऑगस्टात गोठ्याचे पंखे आणि पाण्याचे फवारे बंद पडले तर काय होतं हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. थंड देशातल्या गाई त्या. जिभा बाहेर काढून धापा टाकायला लागल्या, एकेक करून खाली बसायला लागल्या. मार्टिन ऑफिसच्या पायरीवर येऊन ओरडला, "मेहल! एव्हरीबडी आउट! मेहल!" हा शब्द आमच्यापैकी कुणीही पूर्वी ऐकलेला नव्हता. पण अकाउंट्सवाले टाय सोडून बादल्या घेऊन धावले, मुकादमभाईंनी दुधाच्या टँकरमध्ये पाणी भरून आणलं, कॉलनीतल्या बायका आल्या. सुनंदा ओढणी कमरेला बांधून टँकरचा होसपाइप धरून उभी होती आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा गाईच्या इतक्या जवळ जावं लागलं होतं. संध्याकाळी वीज आली. थोड्या गाई गेल्या, बाकी वाचल्या. मार्टिननं दोन बोकड मागवले, गुलाबखानच्या लोकांनी ते शिजवले, आणि आम्ही सगळे मेसच्या अंगणात पाय पसरून जेवायला बसलो. अंगाला शेणाचा वास येत होता आणि कुणालाच त्याचं काही नव्हतं.

तिथं त्यानं सांगितलं की मेहल म्हणजे काय. त्याच्या गावी कुणाचं गवत कापायचं राहिलं, कुणाची कापणी अंगावर आली, की शेजारी आपणहून येतात आणि एका दिवसात काम उरकून जातात. बोलवावं लागत नाही. बोलवावं लागलं तर ते मेहलच नव्हे. मी म्हटलं, "अरे, ही तर आमची इर्जिक!" आमच्याकडं एखाद्याचं औत मागं राहिलं की साऱ्या गावाची बैलं एक दिवस त्याच्या रानात उतरतात. तो सगळ्यांना जेवायला घालतो, मागून त्याची बैलं दुसऱ्याच्या रानात जातात. लहानपणी मी इर्जिकीच्या मागं मागं उड्या मारत फिरलो होतो, आणि पुण्याच्या सासुरवाडीत तो शब्द मी कधी तोंडातून काढला नव्हता. मार्टिन उठून बसला. "से इट अगेन." मी पुन्हा म्हटलं. त्यानं म्हणून पाहिलं, त्याच्या जिभेवर ते काहीतरी भलतंच झालं. मग म्हणाला, शेवटचं मेहल थडग्याचं असतं. त्यांच्याकडं घरचा माणूस फावड्याला हात लावत नाही. शेजारी खणतात. सोमवारी मात्र माती उघडायची नाही. सोमवारी गरज पडलीच तर रविवारी जाऊन एक ढेकूळ तरी उलटून यायचं. मी सांगितलं, आमच्यातही तिरडी घरचे बांधत नाहीत, शेजारीच बांबू घेऊन येतात. गुलाबखान म्हणाला, "हमारे यहाँ भी पड़ोसी ही खोदते हैं." मार्टिननं आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. "झालं तर मग. माझं थडगं तुम्ही खणा." गुलाबखान मनापासून म्हणाला, "इन्शाल्ला!" आणि मग काय बोललो ते कळून त्यानं जीभ चावली. मार्टिन इतका हसला की त्याला ठसका लागला.

हे एक. आता दुसरं. काही वर्षांनी त्याचा भाऊ वारला म्हणून तो गावी गेला आणि आला तो वेगळाच होऊन आला. चर्चच्या भिंतीमागं पिवळं खोदाईचं यंत्र उभं होतं, म्हणाला. थडग्याच्या कडेला हिरवं कापड अंथरलेलं, मातीचा कण कुठं दिसू नये अशी व्यवस्था. शेजारच्या घरांना कुलपं. दुकानात जाऊन तो काहीतरी बोलला तर गल्ल्यावरची मुलगी कौतुकानं हसली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हसतात तशी. "तिथं आता कुणी नाही, शिंदे. खणायलाही नाही आणि बोलायलाही नाही. माझे निम्मे शब्द आता गुलाबखानकडं आहेत." पुढं मी दुबईला आलो, भेटी कमी झाल्या. गेल्या उन्हाळ्यात दूध काढायच्या यंत्राचे रबर घ्यायला तो स्वतः रास अल खोरला आला. थकलेला वाटला, पण इथल्या उन्हाळ्यात सगळेच थकलेले दिसतात. गाळ्याबाहेर चहा पिता पिता, काही विषय नसताना, म्हणाला, "मी गेलो की मला आईशेजारी नेऊन ठेव. इथल्या वाळूत सोडू नकोस." मी म्हटलं, "अरे, पण तूच तर म्हणाला होतास..." त्यानं चहाचा कागदी कप चुरगळला. "मी काय, बरंच काही म्हणतो." आणि रबरांचं खोकं उचलून गाडीकडं गेला. ती आमची शेवटची भेट.

तर त्याच्या मुलीचा फोन आला तेव्हा माझ्याजवळ हे दोन्ही होतं. मुलगी म्हणजे ओर्ला. मार्टिनचं लग्न फार टिकलं नाही. ती आईबरोबर लंडनला वाढली, बापाकडं इथं एकदाच येऊन गेली. तिचा आवाज स्वच्छ, लंडनचा, त्यात मार्टिनचं काहीच नव्हतं. तिनं सांगितलं की कंपनी त्यांना गावी पाठवायला तयार आहे, आजी-आजोबांशेजारी जागा आहे. इथंही दफन करता येईल. वडलांनी काही लिहून ठेवलेलं नाही. "मी त्यांना नीट ओळखत नव्हते, मिस्टर शिंदे. तुम्ही ओळखत होता. त्यांना काय हवं होतं ते तुम्ही सांगा, मी तसं करीन." मी म्हटलं, जरा वेळ दे.

सगळ्यांना विचारलं आणि आणखी गोंधळलो. सुनंदा म्हणाली, "शेवटचं बोलणं धरायचं. आईशेजारी म्हणाले ना? मग झालं." मुकादमभाई म्हणाले, "माणूस जिथं मरतो तिथली माती त्याची असते, साहेब. आमच्यात असंच." मला वाटलं, गुलाबखान घरी पाठवा म्हणेल, कारण पठाण माणूस मेला की त्याला कसंही करून गावी पोचवतात हे मी पाहिलेलं आहे. तो म्हणाला, "मुझे तो घर ही भेजना. लेकिन मार्टिन को मत भेजो. वहाँ उसका कौन है? मशीन?" त्या यंत्राची गोष्ट त्यालाही माहीत होती, हे मला तेव्हा कळलं. आणि का कोण जाणे, ते पिवळं यंत्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मार्टिनला ओळखणारं ज्या गावात कुणी उरलं नाही, त्या गावात त्याला एका भाड्याच्या यंत्रानं पुरायचं आणि आम्ही इथं विमानतळावर एका खोक्याला हात लावून परत यायचं... मी ओर्लाला फोन करून सांगितलं, इथंच. तिथं खणायला कुणी नाही, असं तेच म्हणाले होते. ती म्हणाली, "थँक यू." सुटल्यासारखी म्हणाली.

दफनाचा दिवस नेमका सोमवारचा निघाला. सोमवारी माती उघडायची नाही हे मुकादमभाईंच्या लक्षात होतं. रविवारी संध्याकाळी ते, गुलाबखान आणि मी, फार्मवरचं एक फावडं गाडीत टाकून शहराबाहेरच्या ख्रिश्चन दफनभूमीत गेलो. रखवालदार आत सोडेना. उद्या यंत्र येईल, तुमचं इथं काय काम? मुकादमभाईंनी त्याला बराच वेळ हबीबी-हबीबी करून पटवलं. गुलाबखाननं आखलेल्या जागी एक फावडं वाळू उलटी केली. मी घड्याळाकडं बघितलं, का ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी यंत्रानं खड्डा पाडला, पण बाजू आणि तळ फार्मच्या माणसांनी उतरून हातानं नीट केला. प्रार्थना झाल्यावर ओर्ला पुढं झाली आणि तिनं फावडं उचललं. तिच्याकडं असंच करतात म्हणून असेल, किंवा काहीतरी करावं म्हणून असेल. गुलाबखाननं ते हळूच तिच्या हातातून काढून घेतलं. "नहीं बेटी. घरवाले नहीं." तिला हिंदी कळत नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं की तुझ्या वडलांच्या गावी घरच्या माणसानं माती ओढायची नसते, हे काम शेजाऱ्यांचं. "त्यांनीच आम्हाला सांगितलंय." तोवर ती कोरडी उभी होती. तेव्हा पहिल्यांदा रडली.

त्या दिवशी मेसमध्ये सगळे जेवले, ओर्लाही हातानं जेवली. मला समाधान वाटलं होतं, ते लपवत नाही. परत येताना सुनंदाला मी म्हटलं, "मार्टिनची इर्जिक चांगली झाली." हा शब्द मी तिच्यापुढं सहज वापरला आणि तीही हसली नाही.

गेल्या आठवड्यात ओर्लाचा फोन आला. गावच्या पाद्र्यांशी तिचं बोलणं झालं होतं. मार्टिनची बातमी गावात तिच्याही आधी पोचली होती, कुणाच्या तरी भाच्याकडून. आणि ती पोचली त्याच संध्याकाळी गावातले काहीजण, त्यातले दोन तर सत्तरीच्या पुढचे, फावडी घेऊन चर्चमागं गेले आणि त्यांनी मार्टिनच्या आईशेजारी थडगं खणून ठेवलं. हातानं. कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं नसतंच. मार्टिन घरी येणार हे ते धरूनच चालले होते. तो येणार नाही हे त्यांना कळलं तेव्हा तो खड्डा पावसानं निम्मा भरला होता. त्यांनी तो रिकामाच बुजवला.

ओर्लाच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला वाटलं, मला हे ऐकून बरं वाटेल. मी तिला त्या पिवळ्या यंत्राबद्दल विचारलं. तिला काही माहीत नव्हतं. ते यंत्र भावाच्या थडग्यासाठीच आलं होतं का, की चर्चची भिंत नाहीतर गटार बांधायला? मार्टिननं ते नुसतं उभं असलेलं पाहिलं होतं, खणताना पाहिलं नव्हतं, हे मला आत्ता कुठं आठवतं आहे. की मलाच तसं आठवावंसं वाटतं आहे? चूक त्याची, माझी, की त्या म्हाताऱ्यांची? त्यांनी एक फोन केला असता तर... पण फोन करून विचारलं तर ते मेहल कसलं? आणि आम्ही त्यांना विचारलं असतं तर? आमच्या ते डोक्यातच आलं नाही. एका माणसासाठी दोन गावांनी माती उकरली आणि त्यातली कुठली त्याला हवी होती हे अजून मला ठाऊक नाही. कधी वाटतं मी बरोबर केलं. अंघोळ करता करता वाटतं, फार मोठी चूक केली. दुपारपर्यंत पुन्हा बरोबर वाटू लागतं.

परवा फार्मवर गेलो तेव्हा हे सगळं गुलाबखानला सांगितलं. मला वाटलं, तो हळहळेल. त्यानं दाढीवरून हात फिरवला आणि विचारलं, "उन लोगों को खाना किसने खिलाया?" मी म्हटलं, "कुणीच नाही. घरचं तिथं कोण आहे?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "खोदने वाले भूखे गए?"

मी घरी येऊन ओर्लाला फोन लावला. तिला सांगितलं की ज्यांनी खणलं त्यांना मयताच्या घरचं जेवण मिळायला हवं होतं, ते राहिलंय. तिनं नीट ऐकून घेतलं. नाताळात जाईन म्हणाली. त्यांना काय काय लागेल, कुठल्या हॉटेलात बोलवू, असं विचारत राहिली. मी म्हटलं, हॉटेल नको, कुणाच्या तरी घरात चूल मागून घे आणि स्वतः वाढ. "आणि त्यांचे आभार कसे मानू?"

"आभार मानू नकोस," मी म्हटलं. "आमच्याकडं इर्जिकीला आलेल्याचे आभार कुणी मानत नाही. मानले तर त्याला वाटतं, हिनं हिशेब मिटवून टाकला. नुसतं जेवायला वाढ."

"मग मी त्यांच्यासाठी काय करायचं?"

"त्यांच्यातलं कुणी गेलं की तू जायचं."

मागं तिच्या खिडकीबाहेरची रहदारी ऐकू येत होती. "पण मी लंडनला राहते, मिस्टर शिंदे."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. आमच्या गावातल्या कुणाच्या मातीला मी शेवटचा कधी गेलो होतो ते आठवायला लागलो. ते आठवेपर्यंत तिनं फोन ठेवला होता.